रस्त्यावरील अपघात : दोष कोणाचा आणि भरपाई किती?



रस्त्यावर दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, किंवा एखादा पादचारी मोटारीखालीं सांपडला, कीं पांच मिनिटांच्या आंत तेथें माणसांचें कडें जमतें. आणि जखमी मनुष्यास पाणी पाजण्यापूर्वींच त्या कड्यांत एक प्रश्न उभा राहतो : चूक कोणाची? या प्रश्नाचें उत्तरहि जमाव ताबडतोब देऊन टाकतो, आणि तें नेहमीं एकाच माणसाकडे बोट दाखविणारें असतें. चूक याची, नाहीं तर त्याची. चूक दोघांची आहे, एकाची अधिक व दुसऱ्याची कमी, असें म्हणणारा मनुष्य त्या गर्दींत मला अद्याप भेटलेला नाहीं. जमावाची ही रीत केवळ अडाणीपणाची आहे असें मात्र कोणीं समजूं नये. इंग्लंडांतील मोठमोठ्या न्यायाधीशांनीं हीच रीत कायदा म्हणून १३६ वर्षें चालविली, आणि तिच्यामुळें कित्येक जायबंदी माणसें कोर्टाची पायरी चढून रिकाम्या हातांनीं उतरलीं. तो कायदा कसा आला, कसा गेला आणि आपल्याकडे आज काय आहे, हें मला सांगावयाचें आहे.

मी कायदेपंडित नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों, आणि मुलांना इतिहास व अंकगणित शिकवीत निवृत्त झालों. या विषयाच्या मागें मी लागलों तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळें. गोष्ट २००४ सालची. त्याचें वय तेव्हां २८ वर्षांचें होतें. एका सुताराच्या हाताखालीं तो काम करी. दिवेलागणीनंतर सायकलीवरून घरीं येत असतां मागून आलेल्या एका मालट्रकनें त्याला उडविलें. डावा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. सायकलीला दिवा नव्हता. गांवांत जो तो हेंच म्हणाला. ट्रकच्या मालकाकडून आलेला माणूसहि हेंच म्हणाला. मुलाचे वडील माझ्याकडे आले व म्हणाले, "गुरुजी, कोर्टांत जावें कां?" मीं त्यांस सांगितलें कीं, बिनदिव्याच्या सायकलवाल्याला कोर्ट काय देणार? देतात तें घ्या. त्यांनीं २०,००० रुपये घेतले आणि कागदावर सही केली.

पुढें पुष्कळ वर्षांनीं जुन्या खटल्यांची माहिती वाचतां वाचतां माझ्या ध्यानांत आलें कीं, मीं दिलेला तो सल्ला २००४ सालच्या भारतांतला नव्हताच. तो इ. स. १८०९ च्या इंग्लंडांतला होता.

त्या वर्षींचा खटला डर्बी गांवचा. फॉरेस्टर नांवाच्या गृहस्थाचें घर रस्त्याच्या कडेला होतें. घराच्या दुरुस्तीसाठीं त्यानें रस्त्याच्या कांहीं भागावर एक वांसा आडवा टाकला होता. त्याच दिशेनें जावयास दुसरी वाट मोकळी होती. ऑगस्ट महिना, रात्रीचे आठ वाजलेले. घरोघर मेणबत्त्या लावण्यास नुकती सुरुवात झाली होती, तरी १०० यार्डांवरून वांसा दिसावा इतका उजेड बाहेर होता. बटरफील्ड नांवाचा मनुष्य जवळच्याच दारूच्या गुत्त्यांतून निघाला व घोडा भरधांव सोडून त्या वाटेनें आला. त्याला वांसा दिसला नाहीं. घोड्यासकट तो कोसळला आणि जबर जखमी झाला. (तो प्यालेला होता असा पुरावा मुळींच नव्हता, हें मुद्दाम सांगतों, कारण गुत्त्याचें नांव निघतांच श्रोत्यांचें मन तिकडेच धांवणार.) त्यानें फॉरेस्टरवर फिर्याद केली. न्यायाधीशानें ज्यूरीस सांगितलें कीं, साधारण सावधपणानें चालणाऱ्या स्वारास हा अडथळा टाळतां आला असता असें तुम्हांस वाटत असेल, आणि हा स्वार तसा चालत नव्हता असें दिसत असेल, तर निकाल प्रतिवादीच्या बाजूनें द्या. ज्यूरीनें तसा दिला. वरिष्ठ कोर्टांत लॉर्ड एलेनबरो यांनीं तोच कायम केला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा कीं, दुसऱ्यानें चूक केली म्हणून आपण सावधपणा सोडावा असें होत नाहीं. भरपाई मागणाऱ्यास दुसऱ्याची चूक दाखवावी लागते, आणि आपण स्वतः चूक केली नाहीं हेंहि दाखवावें लागतें.

हें वाक्य ऐकावयास किती न्यायाचें वाटतें! आपणहि मुलांना असेंच शिकवितों. परंतु त्याचा हिशेब करून पाहा. फॉरेस्टरची चूक बारा आणे आणि बटरफील्डची चार आणे असती, तरी बटरफील्डच्या पदरीं पडणार होतें तें शून्यच. इयत्ता पांचवींतील मुलाला जो अपूर्णांक येतो तो इंग्लंडच्या सरन्यायाधीशाला येत नव्हता असें नव्हे. त्यांच्या शास्त्रांत त्याला जागा नव्हती. अपघाताला कारण एकच असावयाचें, आणि कारण एक म्हणून भार वाहणाराहि एकच, अशी ती समजूत होती.

याच लॉर्ड एलेनबरो यांनीं त्याच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १८०८ सालीं, दिलेला दुसरा एक निकाल ऐकला म्हणजे त्या काळचें मन अधिक उघड होतें. गुत्ता चालविणारा एक गृहस्थ आणि त्याची बायको घोड्यांच्या प्रवासी गाडीच्या टपावर बसून जात होतीं. गाडी उलटली. नवरा खरचटण्यावर निभावला; बायको सुमारें एक महिन्यानें रुग्णालयांत मरण पावली. तिच्यावर त्याची अत्यंत प्रीति होती, आणि धंद्यांतहि ती त्याचा उजवा हात होती. न्यायाधीशांनीं ज्यूरीस सांगितलें कीं, तिचा सहवास व तिची मदत नवऱ्यानें गमावली, परंतु मोजावयाची ती अपघाताच्या दिवसापासून मरणाच्या दिवसापर्यंतच. कारण दिवाणी न्यायालयांत मनुष्याचें मरण ही नुकसानी म्हणून धरतां येत नाहीं. ज्यूरीनें त्याला १०० पौंड दिले. म्हणजे बायको अंथरुणावर होती त्या महिन्याची किंमत झाली; ती गेली त्या दिवसापासून पुढें कांहींच नाहीं. या नियमानें गाडीवाल्याच्या दृष्टीनें जखमी मनुष्य महाग आणि मेलेला मनुष्य स्वस्त ठरत असे, ही गोष्ट त्या काळांतहि लोकांना बोचल्यावांचून राहिली नसेल.

असा कठोर नियम माणसें निमूटपणें पाळीत नाहींत. त्याला बगल देण्याच्या वाटा काढतात. पहिली वाट मुलांसाठीं निघाली. १८४१ च्या खटल्यांत एक गाडीवान घोडा जुंपलेली गाडी लंडनच्या रस्त्यांत सोडून सुमारें अर्धा तास निघून गेला होता. सात वर्षांच्याहि आंतला एक मुलगा गाडीवर चढला, दुसऱ्या पोरानें घोडा हांकला, मुलगा पडला आणि चाकाखालीं त्याचा पाय मोडला. गाडीवर चढणें ही मुलाची चूक होती, यांत शंका नाहीं. परंतु लॉर्ड डेन्मन यांनीं म्हटलें कीं, मुलानें मुलाच्या स्वभावाप्रमाणें वागावें हें ठरलेलेंच आहे. अशा खोडीचा मोह रस्त्यांत उघडा टाकणारा तो गाडीवानच दोषी. उभ्या जन्मांत मीं जेवढीं मुलें पाहिलीं त्यांच्यावरून सांगतों, या न्यायाधीशाला मुलें ठाऊक होतीं.

दुसरी वाट एका गाढवानें काढून दिली. १८४२ सालचा खटला. मालकानें गाढवाच्या पुढच्या पायांना पायबंद घालून त्याला सुमारें ८ यार्ड रुंदीच्या सार्वजनिक रस्त्यावर चरावयास सोडलें होतें. उतारावरून तीन घोड्यांचा एक गाडा बऱ्याच वेगानें आला. गाडीवान कांहीं अंतरावर मागें होता. गाढवाला पळतां येईना, आणि तें चिरडून मेलें. डर्बीचा नियम लावला असता तर मालकाला छदाम मिळाला नसता, कारण पायबंद घालून जनावर रस्त्यावर सोडणें ही त्याचीच चूक. परंतु बॅरन पार्क यांनीं निराळा विचार केला. ते म्हणाले कीं, गाढव तेथें गैररीतीनें असलें तरीहि, अपाय होणार नाहीं अशा वेगानें चालणें हें गाडीवानाचें कर्तव्य होतें; एरवीं रस्त्यावर पडलेल्या मालावरून, किंवा तेथें निजलेल्या माणसावरूनहि, खुशाल गाडी न्यावी असें होईल. मालकाला ४० शिलिंग मिळाले. डर्बीच्या स्वाराला जें मिळालें नाहीं तें गाढवाच्या मालकाला मिळालें!

या निकालापासून पुढच्या वकिलांनीं एक सूत्र काढलें : अपघात टाळण्याची शेवटची संधि ज्याच्या हातीं होती त्याच्यावर सर्व भार. गाडीवानाला उतारावरून गाढव दिसत होतें, म्हणून शेवटची संधि त्याची. यानें कित्येक बिचाऱ्यांचें कल्याण झालें खरें, परंतु अपूर्णांक अद्याप आला नाहीं. पूर्वीं सारा भार एकाच्या डोक्यावर होता, आतां तो उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला, एवढाच फरक. शिवाय संधि कोणाची शेवटची, हें ठरवितां ठरवितां घटका-पळांचा कीस निघूं लागला. १९१५ सालीं ब्रिटिश कोलंबियांतील एका विजेच्या ट्रामचा खटला प्रिव्ही कौन्सिलपुढें आला. घोडागाडींतले लोक न पाहतां रुळांवर आले. ट्रामवाल्यानें त्यांना पाहून ब्रेक दाबला. परंतु ब्रेक आधींपासूनच बिघडलेला होता. आतां शेवटची संधि कोणाची? ब्रेक चांगला असता तर ती ट्रामची असती, म्हणून ती ट्रामचीच समजावी, असें कौन्सिलला म्हणावें लागलें. निकाल योग्यच लागला. पण सूत्राची ओढाताण किती झाली हें दिसतेंच आहे.

मरणाबद्दलचा नियम त्यामानानें लौकर बदलला, आणि त्याला कारण बहुतांशीं आगगाडी. तोंवर इंग्लंडांत एक चमत्कारिक जुनी चाल होती : ज्या वस्तूनें मनुष्य मेला ती वस्तु, मग ती गाडी असो कीं चाक, किंवा तिची किंमत, राजाकडे जमा करावयाची. मेलेल्याच्या बायकापोरांस कांहीं नाहीं, आणि चाक मात्र सरकारजमा! आगगाडीच्या अपघातांत ज्यूरी एंजिनावर मोठमोठ्या रकमा बसवूं लागली, तेव्हां ही चाल १८४६ सालीं रद्द झाली. त्याच वर्षीं लॉर्ड कॅम्बेल यांच्या खटपटीनें कायदा झाला, आणि दुसऱ्याच्या चुकीनें मेलेल्या माणसाच्या पतिपत्नीस, आईबापांस व मुलांस नुकसानी मागण्याचा हक्क मिळाला. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी १८५३ सालीं धांवली, आणि १८५५ सालीं त्याच नमुन्याचा १३ व्या क्रमांकाचा कायदा हिंदुस्थानांत आला. या कायद्यानें मिळे ती पैशाची नुकसानी. मेलेला मनुष्य घरांत काय आणीत होता तेवढी. दुःखाची किंमत त्यांत धरावयाची नाहीं, असें इंग्लंडच्या कोर्टानें १८५२ सालीं एका रेल्वेच्या खटल्यांत स्पष्ट केलें.

या अवधींतला आणखी एक निकाल सांगावासा वाटतो, कारण त्याचा बळी आपल्यासारखा साधा उतारू होता. १८४९ सालीं एक मनुष्य घोड्यांच्या ऑम्निबसमधून रस्त्याच्या मध्येंच उतरला आणि दुसऱ्या ऑम्निबसखालीं सांपडून मेला. कोर्ट म्हणालें कीं, ज्या गाडींत तो बसला त्या गाडीच्या हांकणाऱ्याची चूक ती त्याचीच चूक समजावी. म्हणून दुसऱ्या गाडीवाल्याकडून कांहीं मिळणार नाहीं. तिकीट काढून बसलेला उतारू हांकणाऱ्याच्या पापाचा वांटेकरी! ही विपरीत समजूत हाऊस ऑफ लॉर्ड्सनें १८८८ सालीं मोडून काढली. आपल्याकडे त्याचें दुसरें टोंक २०१५ सालीं पाहावयास मिळतें. दोन वाहनांच्या चुकीनें तिसरा मनुष्य जखमी झाला, तर त्यानें दोघांपैकीं कोणाहि एकाकडून संपूर्ण रक्कम वसूल करावी. त्या दोघांनीं आपापसांत वांटणी मागून करावी, असें सर्वोच्च न्यायालयानें त्या वर्षीं सांगितलें.

मग मोटार आली. १७ ऑगस्ट १८९६ रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसजवळ ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीच्या धक्क्यानें मेली. इंग्लंडांत मोटारीखालीं मेलेली पहिली पादचारी म्हणून तिचें नांव राहिलें आहे. मोटारीचा वेग घोड्याच्या दौडीइतका होता कीं ताशीं ४ मैल होता, यावर साक्षीदारांचें जुळलें नाहीं. चौकशींत 'अपघाती मृत्यु' असा निर्णय झाला, आणि असा प्रकार पुन्हां कधीं न घडो, असें चौकशी-अधिकाऱ्यानें म्हटल्याचें सांगतात. आपल्या मुंबईच्या रस्त्यांवर १८७४ सालीं घोड्यांची ट्राम, १९०७ सालीं विजेची आणि १९२६ सालीं मोटारबस आली. रस्ता तोच राहिला आणि वेग वाढत गेला.

अपूर्णांक शेवटीं आला तो समुद्रावरून. दोन जहाजें एकमेकांवर आदळलीं आणि दोघांचाहि दोष असला, तर नुकसान निम्में-निम्में वांटावें, अशी आरमारी न्यायालयांची जुनी रीत होती. १९११ सालीं तिच्यांत सुधारणा होऊन, ज्याचा जेवढा दोष त्याचा तेवढा वांटा, असें ठरलें. म्हणजे एक चतुर्थांश दोषी जहाजाला तीन चतुर्थांश भरपाई मिळत होती, आणि एक चतुर्थांश दोषी सायकलवाल्याला जमिनीवर कांहींच मिळत नव्हतें. अशी चौतीस वर्षें आणखी गेलीं. १९४५ च्या जून महिन्यांत पार्लमेंटानें कायदा केला कीं, जखमी माणसाची स्वतःची चूक असली तरी त्याचा दावा बुडणार नाहीं. त्याच्या दोषाच्या मानानें रक्कम कमी करावी, इतकेंच. बटरफील्डच्या खटल्याच्या निकालाला तेव्हां १३६ वर्षें झालीं होतीं.

भारतांत तसा स्वतंत्र कायदा मध्यवर्ती विधिमंडळानें केला नाहीं. परंतु न्यायाचें तत्त्व म्हणून आपल्या कोर्टांनीं तेंच उचललें. १९७० नंतरच्या दशकांत मध्य प्रदेश हायकोर्टानें तें नीट मांडलें, आणि आज सर्व देशांत तीच रीत चालते. परंतु नुसत्या अपूर्णांकानें पोट भरत नाहीं. ट्रकचा मालक कफल्लक असेल तर तीन चतुर्थांश कशाचे? त्यासाठीं विमा लागतो. इंग्लंडनें १९३० सालीं त्रयस्थाच्या इजेचा विमा सक्तीचा केला. आपल्या १९३९ च्या मोटार कायद्यांत ती तरतूद होती, आणि १ जुलै १९४६ पासून ती अंमलांत आली. तरीहि जखमी माणसाला दिवाणी कोर्टांत रकमेच्या मानानें स्टॅम्प भरून दावा लावावा लागे. १९५६ च्या दुरुस्तीनें अपघातांच्या दाव्यांसाठीं निराळीं न्यायाधिकरणें नेमण्याची सोय झाली.

मग कोणी म्हणेल, विमा आहेच, तर दोष शोधण्याची उठाठेव कशाला? हाच विचार मुंबई हायकोर्टानें बोलून दाखविला होता. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो मान्य केला नाहीं. चूक सिद्ध झाल्यावांचून भरपाई नाहीं, असें बजावलें. तीनच वर्षांनीं, १९८० सालीं, न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांच्यापुढें एका बसचा खटला आला. रात्रीं लोंबकळणारी विजेची तार बसला लागून २६ जणांस अपाय झाला होता. त्यांतील ८ जण जागच्या जागीं मेले होते. ड्रायव्हर फौजदारी खटल्यांतून सुटला होता, म्हणून मालक म्हणे मी निर्दोष. न्यायमूर्तींनीं हें ऐकून घेतलें नाहीं. फौजदारींत शिक्षा देण्यास लागणारा पुरावा निराळा; येथें एक बाजू दुसरीपेक्षां अधिक संभवनीय दिसली कीं पुरे. शेवटीं १९८२ सालीं कायद्यांतच दुरुस्ती होऊन, दोष न पाहतां मृत्यूबद्दल १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देण्याचें ठरलें. १ एप्रिल २०२२ पासून या जागीं मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख, असा आंकडा आहे. वाहन ठोकरून पळून गेलें व सांपडलेंच नाहीं, तर अनुक्रमें २ लाख व ५०,००० रुपये मिळतात. यापेक्षां अधिक हवें असेल तर मात्र दोष दाखवावा लागतो, आणि जमावाचा तो प्रश्न पुन्हां उभा राहतो.

या प्रश्नावरचा एक अलीकडचा निकाल मला फार उद्बोधक वाटला. एका मोटारसायकलीवर तिघे बसले होते. मागून मोटारीनें धडक दिली आणि त्यांतला एक मेला. तिघांनीं बसणें हा कायद्याचा भंग आहेच, म्हणून हायकोर्टानें रकमेंतून दहा टक्के कापले. २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ते परत दिले. नियम मोडणें एक, आणि त्या मोडण्यामुळें अपघात होणें, किंवा इजा वाढणें, हें दुसरें. या दोहोंचा संबंध जोडून दाखविल्यावांचून दमडीहि कापतां येत नाहीं. परवाना नसलेल्या मुलाच्या बाबतींतहि याच न्यायालयानें २००८ सालीं असेंच म्हटलें होतें.

आतां रक्कम ठरते कशी तें पाहूं. येथें मास्तराला थोडें मोकळें सोडावें. जखमी माणसाची वर्षाची कमाई घ्यावयाची. तो तरुण असेल तर ती पुढें वाढली असती, म्हणून तींत भर घालावयाची. चाळिशीच्या आंतला व स्वतःच्या कष्टावर जगणारा असेल तर शेंकडा ४०, हें प्रमाण २०१७ च्या निकालानें ठरलेलें आहे. मग कमावण्याची शक्ति किती गेली तो भाग काढावयाचा. येथें डॉक्टरच्या दाखल्यावरचा आंकडा आणि कमाईच्या हानीचा आंकडा एक नव्हेत, हें २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें नीट समजाविलें आहे : हात तुटलेला कारकून कांहीं तरी लिहूं शकेल, हात तुटलेला सुतार काय करील? शेवटीं वयावरून ठरलेल्या गुणकानें गुणावयाचें. २००९ च्या निकालांतील कोष्टकांत २६ ते ३० वर्षांच्या माणसाला १७, आणि पासष्टीच्या पुढें ५ असा गुणक आहे. (माझी स्वतःची गणना कोठें होते, तें श्रोत्यांनीं ओळखलेंच असेल.) औषधपाणी, वेदना व कृत्रिम अवयव यांची रक्कम निराळी.

आणि जिला पगारच नाहीं तिचें काय? १९९४ च्या कोष्टकांत बिनकमाईच्या बायकोची कमाई नवऱ्याच्या कमाईची एक तृतीयांश धरलेली होती. २०२१ च्या जानेवारींत, दिल्लींतील अपघातांत गेलेल्या एका जोडप्याच्या खटल्यांत, न्यायमूर्ति रमणा यांनीं २०१९ सालच्या सरकारी पाहणीचा आधार घेतला : घरांतल्या बिनपगारी कामांत बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटें घालविते, पुरुष ९७. गृहिणीच्या कामाची रक्कम धरलीच पाहिजे, आणि तींत पुढील वाढहि धरली पाहिजे, असें त्यांनीं म्हटलें. १८०८ सालीं गुत्तेवाल्याच्या बायकोच्या कष्टांचा हिशेब तिच्या मरणाच्या दिवशीं बंद झाला होता. हा त्याच वहीचा पुढचा भाग.

गेल्या वर्षीं मीं माझ्या त्या विद्यार्थ्याचा हिशेब आजच्या रीतीनें मांडून पाहिला. तो तेव्हां महिन्याला ३,००० रुपये मिळवीत असे. वर्षाचे ३६,०००, शेंकडा ४० वाढीनें ५०,४००. पायाशिवाय सुतारकामाची शक्ति शेंकडा ६० गेली असें धरलें तर ३०,२४०. त्याला १७ नें गुणून ५,१४,०८०. दिवा नव्हता म्हणून चौथाई, म्हणजे १,२८,५२०, वजा केले. राहिले ३,८५,५६० रुपये. २००४ सालीं कोष्टकें निराळीं होतीं, आंकडा कांहीं कमी भरला असता. पण तो २०,००० खास नसता, आणि तो देणारी विमा कंपनी असती.

तो आतां सायकलदुरुस्तीचें दुकान चालवितो. मीं कागद घेऊन गेलों आणि माझी चूक त्याच्यापुढें कबूल केली. तो पुष्कळ वेळ आंकडे पाहत राहिला. शाळेंत त्याचें गणित कच्चें होतें. तरी सबंध हिशेब त्यानें बोटानें ओळीओळीनें वाचला आणि वजाबाकीच्या ओळीवर येऊन थांबला. म्हणाला, "गुरुजी, ही चौथाई कशाची?" मीं म्हटलें, दिव्याची. तेव्हां त्यानें भिंतीला टेकलेल्या एका सायकलीकडे पाहिलें आणि हात केला. दिवा हॅंडलवर होता. तिघांच्या त्या मोटारसायकलीचा निकाल माझा वाचलेला होता, गाढवाचा खटला तर तोंडपाठ होता. तरी ती चौथाई मीं कापलीच होती. सायकलीचा दिवा पुढें असतो, आणि ट्रक मागून आला होता. ही एवढी गोष्ट २००४ सालीं त्या रस्त्यावर जमलेल्यांपैकीं कोणीं, किंवा मीं, बोलून दाखविली नव्हती.